वेळ कुणाचा वाचतो, खर्च कुणावर पडतो: बिझनेस जेटचा हिशोब

मुंबईतल्या जुहूच्या जुन्या विमानतळावरून हेलिकॉप्टरं समुद्राकडे निघतात, तेव्हा त्यांत तेलविहिरींवर काम करणारे तंत्रज्ञ, ड्रिलिंगवाले, वेल्डर, स्वयंपाकी असतात. मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर असलेल्या बॉम्बे हायच्या फलाटांवर ते पाळी बदलायला चाललेले असतात. १९७४ मध्ये तिथे तेल सापडलं. १९८५ मध्ये पवन हंस ही सरकारी हेलिकॉप्टर कंपनी निघाली, ती मुख्यतः या कामासाठी. बोटीने जायचं तर कित्येक तास लागतात, आणि पावसाळ्यात खवळलेल्या समुद्रात हलत्या बोटीतून माणूस फलाटावर चढवणं जिवावरचं काम असतं.

हेही बिझनेस एव्हिएशनच आहे. हा शब्द ऐकला की डोळ्यांपुढे पांढरंशुभ्र जेट, चामड्याच्या खुर्च्या आणि लग्नाला निघालेला उद्योगपती येतो. ते या क्षेत्राचं फक्त एक टोक आहे. ठरलेल्या वेळी, ठरलेल्या मार्गावर, तिकीट विकून चालणारी सेवा वगळली आणि कामधंद्यासाठी आपल्या सोयीने वापरलेली बाकीची विमानं-हेलिकॉप्टरं घेतली, की हे क्षेत्र तयार होतं. मग ते विमान त्या उद्योगाच्या स्वतःच्या मालकीचं असो, भाड्याचं असो किंवा त्यात नुसता हिस्सा असो. ते दहा कोटी डॉलरचं जेट असू शकतं किंवा एका इंजिनाचं पंख्याचं विमानही असू शकतं.

या क्षेत्राबद्दल टोकाची मतं फार ऐकू येतात. कुणी म्हणतं हे उद्योगाचं इंजिन आहे, कुणी म्हणतं ही नुसती चैन आहे. मला एकच प्रश्न कामाचा वाटतो: हे विमान जिथे चाललंय, तिथे जायला दुसरी बरी सोय आहे का? उत्तर ‘नाही’ असेल तर त्या विमानामागे भक्कम अर्थकारण असतं. उत्तर ‘हो’ असेल, तर त्याचा बराचसा खर्च कुणीतरी दुसराच भरत असण्याची शक्यता मोठी.

हे क्षेत्र सर्वांत मोठं आहे ते अमेरिकेत, आणि त्याचं कारण तिथल्या श्रीमंतीइतकंच तिथल्या भूगोलात आहे. त्या देशात सर्वांना खुले असलेले सुमारे ५,००० विमानतळ आहेत. विमान कंपन्यांची नियमित सेवा आहे ती त्यांतल्या जेमतेम ५०० ठिकाणी. १९७८ मध्ये तिकिटांचे दर आणि मार्ग यांच्यावरचं सरकारी नियंत्रण उठलं. तिकिटं स्वस्त झाली, प्रवासी वाढले, पण कंपन्यांनी आपली विमानं शिकागो, अटलांटा, डॅलस अशा मोठ्या केंद्रांभोवती गोळा केली. एका छोट्या शहरातून दुसऱ्या छोट्या शहरात जायचं तर आधी मोठ्या केंद्रावर जा, तिथे दोन-तीन तास बसा, मग पुढचं विमान पकडा. सातशे-आठशे किलोमीटरवरच्या कारखान्यात दोन तासांचं काम असेल, तरी इंजिनिअरचे दोन दिवस मोडायचे. कंपनीच्या विमानाने तोच माणूस सकाळी निघून रात्री घरी जेवायला येतो, आणि सोबत आणखी चौघांना नेतो.

वॉलमार्टचे संस्थापक सॅम वॉल्टन यांनी हे फार आधी ओळखलं होतं. आर्कान्सॉ राज्यातल्या बेंटनव्हिल या छोट्या गावात त्यांचं बस्तान होतं. १९५० च्या दशकात त्यांनी एक जुनं दोन आसनी विमान घेतलं आणि स्वतः चालवत गावोगाव फिरायला सुरुवात केली. गाव कुठल्या बाजूला वाढतंय, रहदारी कुठून कुठे वाहते, प्रतिस्पर्ध्याच्या दुकानापुढे किती गाड्या उभ्या आहेत, हे वरून दिसायचं. जागा पसंत पडली की उतरून मालकाशी बोलणी. मोठ्या दुकानसाखळ्या ज्या गावांकडे ढुंकून पाहत नव्हत्या, नेमकी तीच वॉल्टन यांनी निवडली. त्या परिसराला विमान कंपन्यांचा मोठा विमानतळ मिळाला तो १९९८ मध्ये; तोवर वॉल्टन यांना जाऊन सहा वर्षं झाली होती.

समक्ष जाण्याला खरंच एवढी किंमत असते का? फोन आहे, व्हिडिओ कॉल आहे. झेवियर जिरू या अर्थशास्त्रज्ञाने २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अमेरिकी कंपन्यांची मुख्यालयं आणि त्यांचे दूरचे कारखाने तपासले. नवा विमानमार्ग सुरू होऊन दोन्हींमधला प्रवासाचा वेळ जिथे घटला, तिथे कारखान्यातली गुंतवणूक ८ ते ९ टक्क्यांनी वाढलेली दिसली. हा अभ्यास नियमित विमानसेवेचा आहे, खासगी जेटचा नाही. पण साहेबांची फेरी जिथे सहज होते तिथे पैसा जातो, एवढं त्यातून स्वच्छ कळतं.

आता हे यंत्र घडलं कुठे, ते पाहू. कॅन्सस राज्यातलं विचिटा हे गहू आणि तेल यांच्या पैशावर वाढलेलं शहर. जमीन सपाट, आणि तेलवाल्यांना लांबच्या विहिरींवर लवकर पोचायची घाई. १९२५ च्या सुमारास वॉल्टर बीच, क्लाइड सेस्ना आणि लॉइड स्टिअरमन यांनी तिथे ट्रॅव्हल एअर ही कंपनी काढली. पुढे तिघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. १९३२ मध्ये, महामंदी ऐन भरात असताना, वॉल्टर आणि त्यांच्या पत्नी ऑलिव्ह अ‍ॅन बीच यांनी नवी कंपनी उभी केली आणि पहिलं विमान बनवलं तेच मुळी उद्योजकांसाठी: बंद केबिनचं, आरामशीर, आणि त्या काळच्या अनेक लढाऊ विमानांच्या तोडीच्या वेगाचं. लोक नोकऱ्या गमावत असताना असं महाग विमान काढणं धाडसाचं होतं. ते टिकलं, कारण तेलकंपन्यांचा वेळ मंदीतही महाग होता. १९५० मध्ये वॉल्टर गेले. ऑलिव्ह अ‍ॅन यांनी सेक्रेटरी म्हणून या धंद्यात पाऊल टाकलं होतं. आता त्या कंपनीच्या अध्यक्ष झाल्या आणि १९६८ पर्यंत त्या खुर्चीवर होत्या. विमानांच्या इतिहासात वैमानिकांची नावं गाजतात. माझ्या मते हा धंदा धंदा म्हणून उभा करण्यात या बाईंचा वाटा त्यांच्यापैकी अनेकांपेक्षा मोठा आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराची शेकडो जुनी विमानं स्वस्तात बाजारात आली. बॉम्बफेकी विमानांत सोफे आणि टेबलं बसवून कंपन्यांनी ती अधिकाऱ्यांसाठी वापरली. १९४७ मध्ये अशा विमानमालक कंपन्यांची रीतसर संघटना झाली, ती आजची एनबीएए, म्हणजे नॅशनल बिझनेस एव्हिएशन असोसिएशन. मग जेटयुग आलं. १९५७ मध्ये लॉकहीडचं जेटस्टार उडालं. १९६३ मध्ये फ्रान्समध्ये दासो कंपनीचं मिस्टेर २० उडालं. अटलांटिक एकट्याने पार करणारे प्रसिद्ध वैमानिक चार्ल्स लिंडबर्ग स्वतः बोर्दोला जाऊन ते पाहून आले आणि त्यांच्या शिफारशीवरून पॅन अ‍ॅम या अमेरिकी विमान कंपनीने ४० विमानांची मागणी नोंदवली. हेच पुढे फाल्कन नावाने प्रसिद्ध झालं.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये विचिटात लिअरजेट २३ ने पहिली भरारी घेतली. बिल लिअर हे फारसं शिक्षण न झालेले पण हाडाचे संशोधक. मोटारीतला रेडिओ, विमानातला ऑटोपायलट अशा अनेक गोष्टींवर त्यांनी काम केलं होतं. स्वित्झर्लंडमध्ये रद्द झालेल्या एका लढाऊ विमानाच्या आराखड्यावरून त्यांनी हे जेट बेतलं. लहान, टोकदार, अफाट वेगवान. सिनेनट आणि गायक त्यावर फिदा झाले आणि ‘खासगी जेट’ म्हटलं की लिअरजेट हे समीकरण पक्कं झालं.

अर्थकारण बदललं ते मात्र दुसऱ्याच विमानाने. १९६९ मध्ये क्लाइड सेस्ना यांच्या नावाच्या सेस्ना कंपनीचं सायटेशन पहिल्यांदा उडालं. ते इतकं सावकाश होतं की प्रतिस्पर्धी म्हणायचे, याला पक्षी मागून येऊन धडकतात. पण सरळ पंखांमुळे ते कमी वेगाने, आखूड धावपट्टीवर उतरू शकायचं. इंजिनं तुलनेने शांत, इंधनाला बरी. पंख्याचं विमान चालवणाऱ्या साध्या वैमानिकालाही ते लवकर हाताळता यायचं. लिअरजेटला जिथे जपून उतरावं लागे, तिथे सायटेशन सहज उतरे, म्हणजे ज्या गावात कारखाना आहे त्याच गावात. शेवटी सायटेशनच्या विविध आवृत्त्या मिळून ८,००० हून अधिक जेट विकली गेली. लिअरजेटचं उत्पादन २०२२ मध्ये कायमचं थांबलं. ग्राहक वेगासाठी पैसे देतो असं सगळ्यांना वाटत होतं. प्रत्यक्षात तो पैसे देत होता घरापासून कामापर्यंतच्या एकूण वेळेसाठी, आणि त्या वेळेचा मोठा भाग जमिनीवर जातो.

आता खर्च. विमान उडो वा न उडो, वैमानिकांचे पगार, विमा, हँगरचं भाडं, ठरावीक मुदतीच्या तपासण्या आणि घसारा चालूच राहतात. विमान कंपनी आपलं विमान वर्षाला ३,००० तासांच्या आसपास उडवते, म्हणून हा बोजा हजारो तिकिटांवर पसरतो. एका कंपनीच्या मालकीचं जेट वर्षाला कसंबसं ३००-४०० तास उडतं. बाकी वेळ ते उभं असतं आणि पैसे खात असतं.

यावर तोड काढली रिचर्ड सँटुली या गणितज्ञाने. गोल्डमन सॅक्स या गुंतवणूक बँकेतून बाहेर पडून त्यांनी एक्झिक्युटिव्ह जेट ही जुनी चार्टर, म्हणजे अख्खं विमान भाड्याने देणारी, कंपनी घेतली, तिच्या अनेक वर्षांच्या उड्डाणांच्या नोंदी तपासल्या, आणि १९८६ मध्ये नेटजेट्स नावाने विमानाचे हिस्से विकायला काढले. आपल्याकडे भावकीच्या विहिरीत प्रत्येकाचा चार आणे, दोन आणे हिस्सा असतो आणि त्या प्रमाणात पाण्याची पाळी ठरते, तसंच हे. सोळावा हिस्सा घेतला की वर्षाला ५० तास. फरक एवढाच, की इथे पाळीसाठी थांबायचं नाही. काही तास आधी कळवलं की ताफ्यातलं त्याच प्रकारचं कुठलंही विमान हजर होतं. सगळ्या हिस्सेदारांना एकाच दिवशी विमान लागलं तर काय, हा यातला अवघड प्रश्न. किती विमानं विकली म्हणजे किती जास्तीची स्वतःकडे ठेवायची, याचं उत्तर सँटुलींनी जुन्या नोंदींतून काढलं. एकाच विमानाचा वापर वर्षाला ८०० तासांपर्यंत नेता आला आणि ज्यांना अख्खं विमान परवडत नव्हतं अशा मध्यम कंपन्याही ग्राहक झाल्या. प्रसिद्ध गुंतवणूकदार वॉरन बफे आधी या सेवेचे ग्राहक होते. १९९८ मध्ये त्यांच्या बर्कशायर हॅथवेने साडेबहात्तर कोटी डॉलरना कंपनीच विकत घेतली.

रिकाम्या फेऱ्यांचा प्रश्न मात्र सुटला नाही. साहेबांना सोडून विमान परत येतं किंवा पुढच्या ग्राहकाकडे जातं, ते मोकळंच. चार्टरवाले या फेऱ्या सवलतीत विकायचा प्रयत्न करतात, पण अगदी त्याच दिवशी त्याच दिशेला जाणारा प्रवासी मिळणं कठीण.

या सगळ्याचा कंपन्यांना फायदा होतो का? विमान उद्योगाच्या संघटना दाखवून देतात, की स्वतःची विमानं वापरणाऱ्या कंपन्या इतरांपेक्षा जास्त नफा कमावतात. या दाव्याकडे जपून पाहायला हवं, कारण मुळात नफा असलेली कंपनीच विमान घेऊ शकते. न्यू यॉर्क विद्यापीठाचे डेव्हिड यरमॅक यांनी २००६ मध्ये वेगळी बाजू मांडली. ज्या कंपन्यांनी आपले प्रमुख कंपनीचं विमान खासगी कामासाठी वापरतात असं जाहीर केलं, त्यांच्या शेअरचा परतावा बाजारापेक्षा वर्षाला ४ टक्क्यांहून अधिक मागे पडला होता. विमानाचा खर्च एवढा मोठा अर्थातच नसतो. यरमॅक यांच्या मांडणीनुसार तो ढिल्या कारभाराचा पुरावा असतो. मला हे पटतं. कारखान्याला जाणारं विमान आणि गोल्फला जाणारं विमान ताळेबंदात एकाच ओळीत बसतं, म्हणून भागधारकांनी उड्डाणांची यादी मागायला हवी.

नोव्हेंबर २००८ मध्ये जनरल मोटर्स, फोर्ड आणि क्रायस्लरचे प्रमुख सरकारी मदत मागायला डेट्रॉइटहून वॉशिंग्टनला आले, तिघेही आपापल्या कंपनीच्या वेगवेगळ्या जेटने. मागणी होती २,५०० कोटी डॉलरची. संसद सदस्यांनी त्यांना धारेवर धरलं आणि पुढच्या महिन्यात तिघेही मोटारीने आले. लोकांचा राग रास्तच होता: डेट्रॉइट ते वॉशिंग्टन या मार्गावर रोज भरपूर साधी विमानं जातात.

त्याची झळ मात्र त्या तिघांपेक्षा विचिटाला जास्त बसली. मंदीने मागणी आटलीच होती, त्यात विमान घेणं ही लाजेची गोष्ट झाली. जगभरात २००८ मध्ये १,३०० हून अधिक बिझनेस जेट ग्राहकांकडे गेली होती. २०१२ पर्यंत हा आकडा ७०० च्या खाली आला. सेस्नाने आपला सर्वांत मोठ्या जेटचा प्रकल्प २००९ मध्ये गुंडाळला. ऑलिव्ह अ‍ॅन यांच्या कंपनीची वारसदार हॉकर बीचक्राफ्ट २०१२ मध्ये दिवाळखोरीत गेली आणि बाहेर आली ती जेट बनवणं सोडून. सुमारे चार लाख वस्तीच्या शहरात हजारो कुशल कामगार घरी बसले. रिव्हेट मारणारे, वायरिंग करणारे, रंगारी यांतलं कुणी खासगी जेटमध्ये बसलेलं नव्हतं. या क्षेत्राची आर्थिक भूमिका मोजताना प्रवाशांइतकेच हेही लोक मोजावे लागतात.

खर्च इतरांवर कसा पडतो, ते करांत दिसतं. अमेरिकेत विमान कंपनीचं विमान घसाऱ्यासाठी सात वर्षांचं धरतात, कंपनीचं खासगी विमान पाच वर्षांचं. २०१७ च्या कायद्याने तर विमानाची पूर्ण किंमत पहिल्याच वर्षी उत्पन्नातून वजा करायची मुभा दिली. ती हळूहळू कमी होत होती. २०२५ मध्ये पुन्हा पूर्ण लागू झाली. कंपनीने वाचवलेला कर सरकारी तिजोरीत येत नाही, म्हणजे विमानाच्या किमतीचा एक भाग सर्वच करदाते उचलतात. हवाई वाहतूक नियंत्रणाचंही तसंच. साधा प्रवासी तिकिटावर साडेसात टक्के कर आणि वर आणखी शुल्क भरतो, तर स्वतःचं जेट उडवणारी कंपनी मुख्यतः इंधनावर गॅलनमागे सुमारे २२ सेंट भरते. इन्स्टिट्यूट फॉर पॉलिसी स्टडीज या संस्थेच्या २०२३ च्या अहवालानुसार नियंत्रण यंत्रणा हाताळते त्यांतलं दर सहावं उड्डाण खासगी असतं, पण त्या यंत्रणेच्या निधीत त्यांचा वाटा सुमारे २ टक्के आहे.

आणि धूर. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जगभरातल्या जवळपास २६,००० खासगी विमानांचा माग काढला होता. २०२३ मध्ये त्यांनी सुमारे १ कोटी ५६ लाख टन कार्बन डायऑक्साइड सोडला, २०१९ पेक्षा ४६ टक्के जास्त. जवळजवळ निम्मी उड्डाणं ५०० किलोमीटरहून कमी अंतराची होती. त्यांतली काही अशा जागी गेली असतील जिथे रस्ता नाही. पण युरोपातल्या गजबजलेल्या शहरांमधली, जिथे दर तासाला रेल्वे धावते, ती उड्डाणं माझ्या सुरुवातीच्या प्रश्नावर टिकत नाहीत.

आपल्याकडे या क्षेत्राची सर्वांत मोठी अडचण जागेची आहे. मुंबईच्या मुख्य विमानतळावर दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. गर्दीच्या वेळी शेकडो प्रवाशांच्या विमानाला आधी जागा मिळणं न्याय्यच आहे, आणि म्हणून छोट्या विमानांना त्या तासांतून बाहेर ठेवलं जातं. उभं करायलाही जागा अपुरी, मग प्रवाशांना उतरवून विमान दुसऱ्या शहरात रिकामं पाठवावं लागतं. नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाल्याने हा ताण कमी व्हायला वाव आहे. करांतही आपल्याकडे स्पष्ट भेद आहे. वैयक्तिक वापराच्या विमानावर सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के जीएसटी आहे, तर इतर विमानांवर ५ टक्के. कागदावर हे बरोबर वाटतं. पण एवढा फरक असला की प्रत्येकाला आपलं विमान चार्टर सेवेचं म्हणून दाखवावंसं वाटणारच, आणि ‘वापर नेमका कुणाचा’ यावरून कस्टम्स खातं आणि मालक यांचे वाद वर्षानुवर्षं चालले आहेत.

महाराष्ट्रासाठी यापेक्षा मोठी गोष्ट नागपुरात घडते आहे. तिथल्या विमानतळाजवळच्या मिहान या औद्योगिक क्षेत्रात दासो आणि रिलायन्स यांचा संयुक्त कारखाना २०१७ पासून उभा राहिला आणि तिथे फाल्कन जेटचे भाग बनतात. जून २०२५ मध्ये पॅरिसच्या विमान प्रदर्शनात जाहीर झालं, की फाल्कन २००० हे अख्खं जेट नागपुरात जोडलं जाईल. फाल्कनची संपूर्ण जोडणी फ्रान्सबाहेर होण्याची ही पहिलीच वेळ असेल. पहिलं विमान २०२८ पर्यंत बाहेर पडायचं आहे. इंजिनं कॅनडाहून येतील, आणि या विमानांचे अनेक ग्राहक भारताबाहेरचे असतील. म्हणजे विदर्भातल्या आयटीआय शिकलेल्या मुलाचा रोजगार अमेरिका-युरोपातल्या कंपन्यांच्या मागणीशी जोडला जाणार आहे, आणि ती मागणी चार वर्षांत निम्मी होऊ शकते हे विचिटाने दाखवलं आहे.

मंदीत नव्या विमानांची मागणी थांबते, पण उडणाऱ्या विमानांच्या तपासण्या थांबत नाहीत; त्या तासांवर आणि महिन्यांवर ठरलेल्या असतात. भारतातली बरीच जेट मोठ्या तपासणीसाठी अजूनही परदेशात जातात. मिहानमध्येच बोइंगने एअर इंडियासाठी बांधलेलं देखभाल केंद्र २०१५ पासून आहे, त्यामुळे त्या कामाचे हात आणि हँगर शहराला अनोळखी नाहीत. जोडणीच्या कारखान्याशेजारी बिझनेस जेटच्या देखभालीचंही काम नागपुरात आलं, तर मागणी आटलेल्या वर्षांतही त्या मुलांच्या हाताला काम राहील.